ओव्हाळ सरांची सही

ओव्हाळ सर गेले आणि त्यांच्या कॉलेजात शोकसभा झाली. तिच्यात लोक पुन्हा पुन्हा हसत होते. टेबलावर सरांचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार, आणि समोर निवृत्त झालेले, होत आलेले प्राध्यापक एकेक करून उठून सांगत होते की सरांनी आपल्याला सही कशी दिली नाही. कुणाच्या पतसंस्थेच्या कर्जाला सर जामीन राहिले नव्हते. कुणाच्या सहलीच्या बिलावर त्यांनी सही नाकारली होती, कारण बिलात लिहिलेला नाश्ता त्यांनी खाल्लेला नव्हता. शेवटी प्राचार्य म्हणाले, "सर आयुष्यात कुणालाही जामीन राहिले नाहीत. ती एक गोष्ट सोडली तर त्यांनी कुणालाच काही नाकारलं नाही." पुन्हा हशा झाला, आणि मग दोन मिनिटं शांतता पाळली गेली.

मी मागच्या रांगेत बसले होते. सर एकदा जामीन राहिले होते, माझ्यासाठी. उठून ते सांगावं असं वाटलं, पण चारचौघांत बोलणं मला कधी जमलेलं नाही. माझं आयुष्य एका वाचनालयाच्या काउंटरमागे गेलं आहे. म्हणून घरी आले आणि लिहायला बसले.

माझा नवरा विश्वास रसायनशास्त्र शिकवायचा आणि ओव्हाळ सर भूगोल. स्टाफरूममध्ये खिडकीजवळ एक टेबल होतं, त्याच्या एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला ते. दोघांची मैत्री होती असं म्हणता येणार नाही. ते एकमेकांच्या घरी जात नव्हते, एकत्र सिनेमाला वगैरे तर नाहीच. पण विश्वास संध्याकाळी घरी आला की चहाबरोबर सरांचा एखादा किस्सा असायचाच. त्यामुळे सरांना मी भेटण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होते.

सरांसमोर कुठलाही कागद आला की ते एकच शब्द बोलत: "वाचतो." मग खरोखर वाचत, पहिल्या ओळीपासून, मागचं पान उलटून, तळाच्या बारीक अक्षरांसकट. वाचताना उजव्या हाताची तर्जनी ओळीवरून फिरायची, पण कागदाला टेकायची नाही, किंचित वर तरंगत राहायची. त्यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. लहानपणी सर तिथे जाऊन बसत, आणि वडील त्यांना सांगत, अक्षराला हात लावायचा नाही, ओलं असतं. शाई वाळून जमाना झाला, छापखानाही गेला, पण बोट काही टेकलं नाही.

एका प्राचार्यांच्या निवृत्तीच्या वेळी सगळ्यांनी मिळून मोठं भेटकार्ड आणलं. आत सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'आपल्या तेजस्वी नेतृत्वाचे आम्ही सदैव ऋणी'. खाली सगळ्यांच्या सह्या. कार्ड सरांकडे आलं.

"वाचतो," सर म्हणाले. वाचून झाल्यावर त्यांनी विश्वासला विचारलं, "विश्वासराव, यात तेजस्वी काय होतं?"

"अहो, पद्धत असते ती. करा सही."

"आणि ऋणी? मी त्यांचा ऋणी नाही. ते मला आवडायचे, ती वेगळी गोष्ट आहे."

"मग तसं लिहा."

सरांनी सही केली आणि तिच्याखाली कंसात बारीक अक्षरांत लिहिलं, 'फक्त शुभेच्छांपुरती.' विश्वासने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही इतके हसलो की सई, आमची मुलगी, अभ्यास सोडून बाहेर आली. पुढे आमच्या घरात तो वाक्प्रचारच झाला. सई रिपोर्ट कार्ड घेऊन आली की विश्वास सही करताना म्हणायचा, "फक्त शुभेच्छांपुरती हं."

कर्जाच्या जामिनाचं मात्र स्टाफरूममधल्या काहींना लागलं होतं. पतसंस्थेला दोन सहकारी जामीनदार लागतात, आणि कॉलेजात सगळे एकमेकांना जामीन असतात; ती एक साखळीच असते. सर त्या साखळीत नव्हते. ते कुणाला जामीन राहिले नाहीत आणि त्यांनी स्वतःही कधी कर्ज घेतलं नाही. एकदा एक सहकारी चिडून म्हणाले, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" सर म्हणाले, "आहे. पण हप्ता तुमच्या स्वभावातून जाणार नाही, पगारातून जाणार आहे." मग ते त्या गृहस्थांबरोबर स्वतः पतसंस्थेत गेले, तिथल्या बाकावर बसून अर्ज वाचला आणि कर्ज निम्म्यावर आणायला लावलं. सही केली नाहीच.

अशी सरांची माझ्या मनातली प्रतिमा होती: सरळ, विक्षिप्त, जरा हसण्यावारी नेण्यासारखे.

मग विश्वास गेला. झोपेतच गेला, कसलीही सूचना न देता. मृत्युपत्र नव्हतं. त्याच्या ठेवी आणि थोडे शेअर होते, त्यांवर नॉमिनी म्हणून नाव होतं त्याच्या वडिलांचं, आणि ते त्याच्या कितीतरी आधी गेलेले. नाव बदलायचं राहून गेलं होतं. बँकेतला मुलगा फार चांगला होता, त्याने पाणी आणून दिलं आणि सांगितलं, "मॅडम, आता कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र आणावं लागेल. त्याशिवाय आम्हाला हात लावता येणार नाही."

शिवाजीनगरला एक वकीलबाई गाठल्या. हुशार आणि घाईत असलेल्या. त्यांच्या सहायकाने माझ्यासमोर बसून लॅपटॉपवर माहिती भरून घेतली. त्याने विचारलं, "घरात कोण कोण असतं?" मी म्हणाले, "मी आणि मुलगी." त्याने तसं टाइप केलं. कुणी गेलं की आपल्याकडे विचारतात, मागे कोण? त्याने तसं विचारलं असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. पण त्याने घरात कोण विचारलं, आणि त्या दिवसांत मला जे विचारलं जाई त्याचंच उत्तर मी देत असे.

अर्ज झाला, वर्तमानपत्रात नोटीस आली, कुणाची हरकत आली नाही. एक दिवस वकीलबाईंचा फोन आला की आदेश झाला आहे, आता फक्त बंधपत्र आणि जामीनदार.

"जामीन? माझ्याकडून काही चुकलं का?"

"अहो, तो जामीन नाही," वकीलबाई हसल्या. मग त्यांनी समजावलं. कोर्ट तुमच्या हाती गेलेल्या माणसाचं सगळं सोपवतं. उद्या आणखी कुणी वारस निघाला, किंवा तुम्ही कुणाचा हिस्सा दिलाच नाही, तर त्याचं नुकसान कोण भरणार? म्हणून तुम्ही लिहून द्यायचं की मी सगळं नीट वाटीन. आणि एका ऐपतदार माणसाने लिहून द्यायचं की हिने नाही केलं तर मी भरीन. "औपचारिकता असते. घरातलंच कुणीतरी बघा, ज्यांच्या नावावर फ्लॅट वगैरे आहे."

घरातलं म्हणजे माझा दीर मकरंद. वारज्याला राहतो, आईही, माझ्या सासूबाई, त्याच्याकडेच असतात. मकरंद वाईट माणूस नाही. विश्वास गेला तेव्हा सगळी धावपळ त्यानेच केली. पण जामीन म्हटल्यावर तो मागे सरला. "वहिनी, दुसरं काहीही सांगा. बाबांनी आम्हा दोघांना शपथ घातली होती, कुणाला जामीन राहायचं नाही. त्यांनी एका मित्रापायी भोगलं होतं." ही शपथ मला माहीत होती. माझ्या माहेरीही होती. बहुतेक घरांत असते. मावसभावाकडेही तीच निघाली. आणि आमच्या इमारतीत कुणाकडून तरी कुणाला तरी कळलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा आवाज खाली आणायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "मिळाला का हो जामीन? अगदी साधी बाई, आणि काय हे!"

अशा दिवसांत ओव्हाळ सर विश्वासची दोन पुस्तकं परत द्यायला आले. खुर्चीच्या कडेवर बसले. सांत्वनाचं काहीच बोलले नाहीत. चहा संपल्यावर विचारलं, "कुठे अडलंय का?"

मी सांगितलं. सांगताना मला थोडं हसूही आलं, की मी हे सांगतेय कुणाला!

सरांनी विचारलं, "हे कर्ज नाही ना?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही पैसे फेडाल असं लिहून द्यायचं नाही. तुम्ही ज्याचं त्याला द्याल असं लिहून द्यायचं आहे."

"हो. तसंच काहीतरी."

"त्याला मी राहीन," सर म्हणाले. "कागद द्या. वाचतो."

जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, तहसील कचेरीतून. त्यासाठी सरांचं घर दाखवावं लागणार होतं. येरवड्याला त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर, तीन खोल्या आणि वर पत्रा, पुढे सरांनी स्लॅब घातला तेवढाच. मला ते काही पटेना. मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या पत्नीला भेटून परस्पर नको म्हणायला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सरांच्या वडिलांचा शर्टाला शाईचे डाग असलेला फोटो. सुमनताई भाजी निवडत होत्या.

मी म्हणाले, "ताई, तुमचं घर त्यात अडकतंय. सरांना समजावा."

"घर त्यांच्या एकट्याचं आहे का?" त्या म्हणाल्या. "मला विचारलंय त्यांनी. मीपण वाचलं. मला पटलं तेव्हाच मी हो म्हणाले." मग भाजीचं ताट बाजूला सारून हसायला लागल्या. "तुम्हाला सांगते, आमच्या लग्नाच्या नोंदणीच्या वेळी यांनी तो कागद इतका वेळ वाचला, इतका वेळ वाचला, की माझा भाऊ म्हणाला, याचं मन बदललं बहुतेक. मी म्हटलं, बदललं तर बदललं, पण आता एवढं वाचून झाल्यावर सही केली तर ती पक्की."

सर आतून म्हणाले, "दुसऱ्या ओळीत तुझं नाव चुकलेलं होतं."

"एक वेलांटी!"

"तुझीच होती ना?"

तहसील कचेरीत सरांबरोबर मी गेले होते. दाखला हातात पडल्यावर त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, बोट वर तरंगत. मग म्हणाले, "वहिनी, आजवर लोकांनी माझी ऐपत फुकट काढली. सरकार निदान फी घेऊन काढून देतं." ते हसले नाहीत. मीही हसले नाही. पण नंतर बसमध्ये ते शेजारच्या खिडकीतून बाहेर बघताना मला दिसले, आणि मला वाटलं, हे वाक्य ते बरीच वर्षं सांभाळून ठेवून होते.

सहीचा दिवस आला. वकीलबाईंच्या ऑफिसात बंधपत्र छापून तयार होतं, जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे ठीक आहे. आता मूळ अर्ज द्या."

"त्याची गरज नाही सर," सहायक म्हणाला. "तुमची सही फक्त याच्यावर."

"मी ज्याला बांधला जातोय ते त्या अर्जात आहे. दोरी वाचली, खुंटा वाचू द्या."

अर्ज आला. सर वाचू लागले. बाहेर वकीलबाईंची दुसरी अशिलं ताटकळत होती. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"वहिनी, विश्वासरावांच्या मातोश्री हयात आहेत ना?"

"आहेत. वारज्याला, मकरंदकडे."

"इथे त्यांचं नाव नाही."

मी अर्ज ओढून घेतला. 'मयताच्या मागे खालीलप्रमाणे कायदेशीर वारस आहेत', आणि खाली मी आणि सई. बस. मी तो अर्ज आधी पाहिला होता, त्यावर सहीही केली होती. पण त्या दिवसांत मी कागदांकडे पाहत होते, वाचत नव्हते.

वकीलबाईंनी सहायकाकडे पाहिलं. सहायकाने लॅपटॉपकडे पाहिलं. मुलगा गेला तर बायको-मुलांच्या बरोबरीने आईही वारस असते, हे वकीलबाईंना अर्थातच ठाऊक होतं. त्या गडबडल्या नाहीत, फक्त थकल्या. "आदेश झालाय," त्या म्हणाल्या. "आता नाव घालायचं म्हणजे दुरुस्ती, पुन्हा नोटीस, कित्येक महिने गेले. आईंची काही मागणी आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग नंतर तुम्ही त्यांना घरातल्या घरात काय द्यायचं ते द्या. सर, आज सही केलीत तर प्रमाणपत्र याच महिन्यात हातात येईल."

सरांनी पेन खिशाला लावलं. ते त्यांचं स्वतःचं पेन होतं, ते कुणाला देत नसत. "मॅडम," ते म्हणाले, "आणखी वारस निघाला तर मी जबाबदार, असं यात लिहिलंय. वारस निघालाय. माझ्या सहीच्या आधीच निघालाय. आता मी काय लिहून देऊ?"

मधल्या काळात बेंगळुरूला गेलेल्या सईचा रात्री फोन आला. "आई, seriously? फक्त एक signature राहिली होती ना? आजी कधी काही म्हणणार आहे का? Just get it done ना." ती माझ्या काळजीने बोलत होती. माझ्या एकटीच्या पगारात घर चालवताना मी कुठे कुठे हात आखडता घेत होते ते तिला दिसत होतं.

मकरंदने तर सगळं सोपं करून टाकलं. "वहिनी, आईला मी विचारलं. ती म्हणते मला काही नको. तिची एक ना-हरकत लिहून घेऊ आणि संपवू. नाहीतर उद्या आई गेली की तिच्या हिश्शासाठी पुन्हा हेच कोर्ट."

मी हे सरांना फोनवर सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर आहे. पुन्हा हेच कोर्ट. त्यासाठीच बांधलंय ते." मग म्हणाले, "त्या नको म्हणाल्या, ते मी ऐकलेलं नाही."

म्हणून आम्ही दोघं वारज्याला गेलो.

आई हॉलमध्ये खिडकीजवळच्या दिवाणावर बसल्या होत्या. त्यांचं सगळं त्या दिवाणावरच असतं: जपमाळ, रेडिओ, औषधांचा डबा, चष्म्याची दोन घरं. मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, त्याचा त्यांना राग आहे. मकरंद समोर सोफ्यावर. सरांनी खुर्ची दिवाणाजवळ ओढली आणि आपलं नाव, कॉलेज, विश्वासशी असलेला संबंध, सगळं मुलाखतीला आल्यासारखं सांगितलं.

"माहितीय हो," आई म्हणाल्या. "तेजस्वी नाही म्हणालात ते तुम्हीच ना? विश्वास सांगायचा."

सर क्षणभर गोंधळले. मी सरांना असं गोंधळलेलं त्या एकाच वेळी पाहिलं.

"आई, मकरंदराव म्हणतात तुम्हाला विश्वासरावांच्या पैशातलं काही नको."

"मला काय करायचेत पैसे? दोन वेळचं मिळतंय. मुलगा गेला, त्याचे पैसे घेऊन काय त्यांची आमटी करू?"

"झालं," मकरंद म्हणाला. "ऐकलंत ना सर?"

"ऐकलं," सर म्हणाले. पण उठले नाहीत. "आई, घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही नंतर ठरवा. ते मी विचारत नाही. मी एवढंच विचारायला आलोय, की विश्वासरावांना आई आहे हे कोर्टाला सांगायचं की नाही?"

आईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दिसत कितपत होतं कुणास ठाऊक. "म्हणजे? अजून सांगितलेलं नाही?"

मकरंदने माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. 

"त्या कागदात," आई सावकाश म्हणाल्या, "त्याला आईच नाही होय?"

"अगं आई, तसं नाही," मकरंद पुढे झाला. "ती एक तांत्रिक बाब आहे..."

"तू गप्प बस. नऊ महिने काय तांत्रिक बाब वागवली का मी?"

मकरंद सोफ्यावर मागे सरकला. मी आईंचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या सरांशीच बोलत होत्या. "बायको आहे, मुलगी आहे, बरोबरच आहे. त्यांची नावं हवीतच. पण तो काय आभाळातून पडला? बँकेत वडिलांचं नाव होतं म्हणता ना त्याच्या पैशांवर? मेलेल्या बापाचं नाव चालतं, आणि जिवंत आईचं नाही?"

"आई, मग नाव घालू?" सरांनी विचारलं.

"घाला. आणि पैशाचं मी बघते काय करायचं ते. मी नको म्हणाले होते, कारण मला वाटलं होतं आधी कुणीतरी देतंय."

परतताना आम्ही रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "सर, मला तेव्हा नीट विचारलं असतं तर..."

"नीट विचारलं नाही," सर म्हणाले. "म्हणून तर जामीन लागतो, वहिनी. माणूस लबाड असतो म्हणून नाही. माणूस दुःखात असतो म्हणून." आणि लगेच, जणू जास्त बोललं गेलं असं वाटून, त्यांनी रिक्षावाल्याला वळण चुकल्याचं दाखवून दिलं.

दुरुस्तीला जायचे तेवढे महिने गेलेच. सर दर पंधरवड्याला फोन करत आणि विचारत, "तारीख?" मी सांगे, आणि ते ठेवून देत. कोर्टात आईंना यावं लागलं तेव्हा मकरंद स्वतः त्यांना घेऊन आला. खुर्ची मिळवून दिली, पाण्याची बाटली उघडून दिली. त्या दिवशी तो सरांशी बोलला नाही, पण सरांसाठीही चहा त्यानेच आणला.

सरांनी बंधपत्रावर सही केली त्या दिवशी कारकुनासमोर रांग होती. सर पुन्हा पहिल्यापासून वाचत होते, कारण दुरुस्तीनंतरची ही नवी प्रत होती.

"अहो आजोबा, करा सही. मागे लाइन बघा किती आहे."

"लाइनीत मीही उभा होतो," सर म्हणाले. "तुमच्या ते लक्षात आलं नसेल, कारण मी गप्प उभा होतो."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुम्ही मयताचे कोण?"

"सहकारी."

"नातं काही नाही?"

"आमचं टेबल एक होतं."

"अर्जदारांनी कुणाचा हिस्सा दिला नाही तर तुमच्या घरावर येऊ शकतं. हे समजून उमजून सही करताय ना?"

"हो," सर म्हणाले. "घर दाखवलं तेव्हा समजलं, आणि घरी बायकोने विचारलं तेव्हा उमजलं." न्यायाधीशबाई हसल्या. मग सरांनी सही केली. मी ती सही त्याआधी कधी पाहिली नव्हती. शाळेतल्या मुलासारखी, पूर्ण नाव, सुटं सुटं, प्रत्येक अक्षरावर रेघ दिलेली. कुणालाही वाचता येईल अशी.

प्रमाणपत्र आलं, ठेवी मोकळ्या झाल्या. त्या काळात सर मला फक्त एक प्रश्न विचारत: "आईंचं झालं?" सईचं झालं का, तुमचं झालं का, असं एकदाही विचारलं नाही. आईंच्या हिश्शाचे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात गेले आणि तसं मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्या तोंडून ऐकतो." म्हणून पुन्हा वारज्याला.

आईंनी त्यांना बसायला सांगितलं. पैसे मिळाल्याचं सांगितलं, त्यातून पहिल्यांदा काय केलं तेही सांगितलं: मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती, मकरंदला न विचारता, शेजारच्या मुलीकडून फोन लावून. मकरंद आतून म्हणाला, "मी काय नाही म्हणणार होतो का?" आई म्हणाल्या, "विचारलं असतं तर हो म्हणाला असतास. म्हणून नाही विचारलं."

मग त्या सरांना म्हणाल्या, "तो कागद आहे ना, कोर्टाचा? मला वाचून दाखवा. ऑपरेशन होईस्तोवर थांबवत नाही."

सरांनी पिशवीतून त्यांची प्रत काढली, चष्मा लावला आणि वाचायला लागले. वर्गात वाचावं तसं, ठाशीव आवाजात. बोट नेहमीप्रमाणे कागदाच्या वर. माझ्या हातात दुसरी प्रत होती, मी तिच्यातून बघत होते. कोर्टाचं नाव, अर्जाचा क्रमांक, मिळकतीचं वर्णन, काहीही न गाळता. फक्त जिथे जिथे 'मयत विश्वास' असं लिहिलं होतं, तिथे सर नुसतं 'विश्वास' म्हणत होते. तो शब्द त्या कागदात ओळीओळीला आहे. सरांनी तो एकदाही उच्चारला नाही, आणि त्यासाठी ते कुठे अडखळलेही नाहीत. शेवटी वारसांची नावं आली. माझं, सईचं, आणि मग आईंचं संपूर्ण नाव, आणि पुढे, "विश्वास यांची आई."

"पुन्हा वाचा तेवढं."

सरांनी पुन्हा वाचलं.

आई बराच वेळ दिवाणाच्या चादरीवर हात फिरवत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "सगळं वाचलंत ना?"

"हो आई," सर म्हणाले. "सगळं वाचलं."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती आईंच्या हातात दिली. चहा घेतला. निघताना मला म्हणाले, "बरंय वहिनी. सुटलो मी," आणि जिना उतरून गेले. मी गॅलरीत उभी राहिले. खाली मकरंद त्यांच्या मागोमाग गेला होता, स्टॉपवर सोडतो म्हणत होता. सर नको नको म्हणत होते. मग ते त्याच्या स्कूटरवर मागे बसले, पिशवी मांडीवर उभी धरून, ताठ, आणि दोघं कोपऱ्यावरून वळून गेले. त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही.

आत आले तर आई तो कागद उशीखाली ठेवत होत्या.

"गेले का?"

"गेले."

"चांगला माणूस आहे," आई म्हणाल्या. "वाचताना गाळतो, पण चांगला आहे."